देणगीचं पुढे काय झालं, ते दाखवा

मुंबईतल्या विज्ञान संस्थांसाठी प्रदर्शनं, माहितीपत्रकं आणि देणगीदारांचे अहवाल तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या क्षेत्रात नव्यानं येणारी मुलं थेट संचालकांच्या मुलाखतीपासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी लेखा विभागात पाठवते. उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले, बघा आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे यंत्रांसारख्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, मागा. कोणतं यंत्र कोणत्या साली, कोणत्या निधीतून, कितीला घेतलं हे तिथे एका ओळीत सापडतं. मग त्या यंत्रावर कोण राबलं, त्यातून कोणाचे प्रबंध झाले, याचा माग काढायचा. देणगीचं फळ म्हणतात ते हे. धनादेश देतानाचा फोटो फार तर कोपऱ्यात जाऊ द्या.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा इतिहास या दृष्टीनं नीट वाचून काढा. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सर सोराबजी सकलातवालांना पत्र लिहिलं. दोनेक दशकांत अणूपासून वीज होऊ लागली, तर भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावं लागू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हिरोशिमा तेव्हा जवळपास दीड वर्ष दूर होतं! ट्रस्टनं विश्वास टाकला, मुंबई सरकारही सोबत आलं. १ जून १९४५ रोजी बंगळुरात संस्था सुरू झाली आणि वर्षअखेरीस पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. तिथून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. कुलाब्याच्या टोकावरच्या आजच्या इमारतीचं उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झालं ते १९६२ साली. म्हणजे इतकी वर्षं दाखवायला स्वतःची वास्तू नव्हती, तरी माणसं घडत होती. मला ही बाब फार मोलाची वाटते. पुढे केंद्र सरकार आलं आणि आज मुख्य भार अणुऊर्जा विभाग उचलतो. तेही स्पष्ट लिहा. देणगीदाराचं श्रेय त्यानं कमी होत नाही, उलट पहिलं पाऊल कोणाचं होतं ते उठून दिसतं.

सहकार्यानं झालेलं संशोधन मांडताना जास्त जपायला लागतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांच्या खुणा सापडल्या. त्या प्रयोगात मुंबईच्या याच टाटा संस्थेसोबत जपानमधलं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधलं डरहॅम विद्यापीठ होतं. तिघांचीही नावं एकाच आकाराच्या अक्षरात हवीत. खाणकामगारांशिवाय तर उपकरणं खाली पोचलीच नसती.

एका प्रदर्शनाच्या तयारीत वर्कशॉपमधल्या निवृत्त काकांना मी जुना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून यंत्राच्या पितळी रिंगवर बोट ठेवलं. “ही लेथवर मी काढली. हा मागे उभाय तो वेल्डर.” फोटोखाली तोवर फक्त प्राध्यापकांची नावं होती. आम्ही फलक नव्यानं छापून घेतला. तेव्हापासून जुना फोटो हाती आला की मी तो आधी वर्कशॉपमध्ये नेते. तुम्हीही न्या.

सरावासाठी फोर्टातलं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स घ्या. १९११ साली पायाभरणी झालेली ही वास्तू कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभॉय इब्राहिम आणि वसनजी मुळजी यांच्या देणग्यांतून उभी राहिली. भाभा केंब्रिजला जाण्याआधी इथेच शिकले. त्या चौघांपासून भाभांपर्यंतचा धागा दोनशे शब्दांत लिहा, आणि तो शाळकरी मुलाला वाचून दाखवा. तो जिथे अडेल तिथे पुन्हा लिहा.