ब्रेस्ट पंप हवाय? सोलापुरात सरकारी योजनेतून काय मिळतं, काय नाही

अंगणवाडीतून ब्रेस्ट पंप मिळत नाही. स्तनदा मातेला तिथून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो. तो सोडू नका, पण पंपाचा अर्ज कुठे द्यायचा म्हणून हेलपाटेही घालू नका. पंपाला खरे उपयोगी पडतात ते प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे.

पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाली की ३००० आणि बाळाची जन्मनोंद व १४ आठवड्यांपर्यंतची लसं पूर्ण झाली की २०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६००० एकरकमी. आता हिशेब बघा. गारमेंट किंवा टॉवेलच्या कारखान्यात बाळाच्या तिसऱ्या महिन्यात परत जायचं असेल, तर दुसरा हप्ता तोवर येणारच नाही. पंप घ्यायचा तो पहिल्या हप्त्यातून. म्हणून नोंदणी गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या आत करा आणि फॉर्म लगेच आशाताईंकडे किंवा अंगणवाडीताईंकडे भरा. लागतं ते एवढंच: आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि पात्रतेचा एक पुरावा. अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा आठ लाखांच्या आतलं उत्पन्न, यातलं काहीही एक चालतं. कायद्याने पगारी बाळंतरजा मिळत असेल तर मात्र ही योजना लागू होत नाही.

पैसे अडकतात ते बहुतेक खात्यात. रक्कम फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. लग्नाआधी माहेरी उघडलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे तिकडे जमा होतात आणि इकडे बाई पासबुक भरून घेत बसते. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ एवढंच विचारा. दुसरी अडचण नावाची: आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. ते आधी एकसारखं करून घ्या. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख नसेल तर दवाखान्यातून लिहून आणा. अर्ज बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत गेला पाहिजे. 

बाळंतपणाला माहेरी गेलात तर आहार बंद पडायचं कारण नाही. दोन्हीकडच्या अंगणवाडीताईंना सांगून पोषण ट्रॅकरवरची (अंगणवाडीच्या मोबाईल ॲपवरची) नोंद हलवून घ्या. आता आहार देताना चेहऱ्याची पडताळणी होते, त्यामुळे सासूबाईंना पिशवी घेऊन पाठवून भागत नाही. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला ठेवा.

बाळ कमी दिवसांचं असून काचेच्या पेटीत असेल, तर पंप विकत आणण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा. नवजात कक्षात पंप असेल तर तिथेच वापरायला मिळतो. अशा वेळी दिवसरात्र मिळून आठ वेळा दूध काढावं लागतं, रात्रीची खेप चुकवून चालत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक मात्र हातानेच काढा. तो इतका घट्ट आणि थोडा असतो की पंपाच्या भागांनाच चिकटून राहतो. अंगठा आणि बोटं बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. सुरुवातीला नुसते थेंब येतात, एक-दोन मिनिटांनी धार लागते. खाली बोंडलं (दूध पाजायची चोचीची वाटी) धरा.

रबरी फुग्याचा स्वस्त पंप घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं आणि तो आतून धुता येत नाही. दांडी दाबायचा हातपंप घ्या, त्याचे सगळे भाग सुटे होतात. दिवसातून दोनदा काढायला तो पुरतो, विजेवरचा पंप रोज सात-आठ तास बाळापासून लांब राहणाऱ्यांनी घ्यावा. वापरलेला पंप कुणाकडून घेऊ नका. पंपाच्या नरसाळ्याचं, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या भागाचं, माप बघा. खोक्यात बहुधा २४ मिमीचं येतं, पण ते सगळ्यांना बसत नाही. बोंडाची रुंदी मोजून त्यात दोन-तीन मिमी मिळवा. काळा भाग आत ओढला जात असेल तर माप मोठं झालंय, बोंड घासून दुखत असेल तर लहान पडतंय.

घरी विड्या वळणाऱ्या बायकांनी आधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, नखांतली तंबाखू काढावी आणि साडीचा पदर बदलावा. तंबाखूच्या सुपाशेजारी बसून दूध काढू नये. पंपाचे दुधाला लागणारे भाग वापरल्या वापरल्या सुटे करून धुवायचे आणि दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं उकळायचे. बोअरच्या पाण्याने पांढरा थर बसतो, म्हणून उकळायला फिल्टरचं पाणी घ्या. विजेच्या पंपाची मोटर पाण्यात घालू नका.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हे खरं, पण ते २५ अंशांना. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दूध लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवा. भांड्यावर वेळ लिहा, फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागे ठेवा आणि २४ तासांत संपवा. वीज बराच वेळ जाऊन फ्रिज कोमट झाला असेल तर ते दूध देऊ नका. साय वर येते, ते खराब होणं नव्हे, हलकेच फिरवलं की मिसळतं. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, गॅसवर नाही. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, ते घासायला सोपं.

पंपात अचानक दूध कमी यायला लागलं तर आधी झडप बघा. चोचीसारखा तो रबरी तुकडा दोन-तीन महिन्यांत सैल पडतो आणि ओढ निघून जाते. सुटी झडप मिळते का, हे पंप घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा.