छोट्या एसटीपीवर नवीन रुजू होताय? नदीचा डीओ पहाटे मोजा

छोट्या वस्तीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, हातात आला की सुरुवातीला सगळं लक्ष ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र), पंप आणि गाळाकडेच जातं. ते बरोबरच आहे. एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं प्रमाण), अर्ध्या तासाची गाळ बसण्याची चाचणी, एरेशन टाकीत (जिथे पाण्यात हवा सोडतात) लिटरमागे २ मिलीग्रॅमच्या आसपास डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, हे तुम्ही शिकूनच आलेले असता. मला बोलायचंय ते केंद्राच्या खालच्या नदीबद्दल, कारण तिथे मला कुणीही सावध केलं नव्हतं.

सापळा असा आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मर्यादेत असतो. दुपारी आउटफॉलच्या (केंद्राचं पाणी नदीत पडतं त्या जागेच्या) थोडं खाली डीओ मोजला तर आकडा झकास येतो. आणि तरीही आणखी खाली मासे मरतात. दोन्ही नोंदी खऱ्या असतात, पण मोजायची जागा आणि वेळ चुकलेली असते.

आधी जागा. जिवाणू सेंद्रिय पदार्थ हळूहळू खातात, म्हणून ऑक्सिजनचा तळ आउटफॉलपाशी नसतो. पाणी काही तास, कधी काही दिवस वाहत गेल्यावर तो लागतो. ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये हीच घसरण समीकरणात मांडली. शिवाय सोडलेलं पाणी बरंच अंतर एकाच काठाला धरून वाहतं. समोरच्या काठावर भरलेली बाटली वरच्या अंगाचंच पाणी दाखवते.

आता वेळ. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री इतर जिवांसारखंच तो वापरतं. त्यामुळे नीचांक सूर्योदयाच्या सुमारास येतो. तेव्हाच जा, पण एकट्याने काठावर उतरू नका. २० अंशाला गोड्या पाण्याची संपृक्तता, म्हणजे हवेतून त्यात विरघळू शकणारा जास्तीत जास्त ऑक्सिजन, सुमारे ९.१ मिलीग्रॅम प्रति लिटर असते. दुपारी १२-१३ दिसलं तर खूश होऊ नका. तिथे शेवाळ माजलंय आणि पहाटे त्याची किंमत वसूल होणार आहे.

दुपारची फेरीही ठेवाच, पण पीएच आणि अमोनियासाठी. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त, म्हणजे माशांना जास्त विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो, ९ ला एक तृतीयांशाच्याही वर. अमोनिया तेवढाच, पण सकाळी चालला आणि दुपारी घातक ठरला, असं होतं.

आणि हा अमोनिया बीओडीच्या आकड्यात दिसेलच असं नाही. नायट्रीकरण (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) रोखणारं रसायन घालून केलेली पाच दिवसांची चाचणी त्याचा हिशेब धरतच नाही. नदीत मात्र अमोनियातल्या प्रत्येक ग्रॅम नत्रामागे सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हे नायट्रीकरण टाकीतच व्हायला हवं, आणि त्यासाठी दर ग्रॅम नत्रामागे ७.१४ ग्रॅम क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) खर्च होते. क्षारता संपली तर ब्लोअर कितीही चालवा, उपयोग नाही.

माझं ठाम मत आहे की तयार एक्सेल शीटच्या नादी सुरुवातीला लागू नये. आकडे हाताने लिहा, आलेख हाताने काढा. गुरू शोधायचाच असेल तर रात्रपाळी केलेला जुना ऑपरेटर शोधा. ब्लोअर टायमरवर कधी बंद असतो आणि त्या वेळी बाहेरचं पाणी कसं दिसतं, हे कार्यालयातल्या तज्ज्ञापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

हे सगळं एकदम जमत नाही, आणि जमलं नाही म्हणून तुम्ही कमी ठरत नाही. एक डीओ मीटर, एक पीएच मीटर आणि नेमाने केलेलं कॅलिब्रेशन एवढ्यावर खूप काही कळतं. फक्त पहाटेचा आकडा कमी आला की लगेच ब्लोअरकडे धावू नका. त्याच पहाटे आउटफॉलच्या वरच्या अंगालाही मोजा. तिथेही डीओ तितकाच पडलेला असेल तर आधी वरच्या बाजूला शोध घ्या. वर चांगला आणि खाली पडलेला असेल, तर केंद्राच्या अमोनियापासून सुरुवात करा.