गाजावाजा न करता रात्रीचा मुक्काम : कोल्हापूरच्या डोंगरउतारावर हलक्या सामानानिशी कसे राहावे

तंबूंची रांग, शेकोटी आणि गाणी यांशिवाय, कोणाच्याही नजरेत न भरता उघड्यावर एक रात्र काढण्यासाठी फारसे सामान लागत नाही. लागते ती जागेची पारख. मात्र असा मुक्काम लोकांच्या नजरेपासून दूर असला, तरी रानाच्या मालकापासून लपवलेला असता कामा नये. म्हणून पहिली पायरी परवानगीची. पन्हाळा, शाहूवाडी किंवा गगनबावडा तालुक्यातील एखाद्या गावात दिवसाउजेडी जाऊन मालकाला विचारावे आणि पोलीस पाटलांना कळवावे. राधानगरी हे गव्यांचे अभयारण्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही. तेव्हा अशा जंगलात आणि संरक्षित गडांवर हा प्रयोग करू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. सामानात तीन मीटर लांब-रुंद ताडपत्री, दहा मीटर नायलॉनची दोरी, सहा मेखा, फोमची चटई, घोंगडी, मच्छरदाणी, लाल प्रकाशाची सोय असलेली डोक्याला बांधायची बॅटरी आणि तीन लिटर पाणी एवढे पुरते. बाजारात सहज मिळणारी निळी ताडपत्री लांबून चमकते. मातकट किंवा गडद हिरवी घ्यावी. घोंगडी जड असते हे खरे, पण दवाने ओलसर झाली तरी ती ऊब देते, म्हणून मी तिच्याऐवजी दुसरे काही नेत नाही.

जागा निवडताना घाई करू नये. रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकून खोलगट भागात साचते, त्यामुळे ओढ्याकाठी गारठा आणि दव दोन्ही अधिक असतात. पठाराच्या माथ्यावर वारा झोडपतो आणि उभा माणूसही दुरून दिसतो. या दोन्हींच्या मधली, झाडांच्या आडोशाची, किंचित उताराची जागा उत्तम. उसाच्या फडाचा बांध कटाक्षाने टाळावा, कारण तिथे उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात आणि फडात बिबट्याही दडून राहू शकतो. पायवाट, पाणवठा आणि जनावरांची वहिवाट यांपासूनही दूर राहावे. डोक्यावर वाळलेली फांदी नाही ना, हे वर पाहून ठरवावे.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी दुसरीकडे बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असे न शिजवता खाता येणारे जेवण उरकावे आणि संधिप्रकाशात मुक्कामाच्या जागी पोहोचावे. दोन झाडांमध्ये कमरेइतक्या उंचीवर दोरी ताणून तिच्यावर ताडपत्री छपरासारखी टाकावी, वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकवावी आणि कोपरे मेखांनी ताणावेत. जांभ्या कातळावर मेख शिरत नाही. तिथे दोरी दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा जड दगड ठेवावा.

मच्छरदाणीच्या बाबतीत तडजोड करू नये. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि दंश फारसा दुखत नसल्याने अनेकदा वेळेवर लक्षातही येत नाही. मच्छरदाणीच्या कडा सर्व बाजूंनी चटईखाली खोचल्या, तर हा धोका पुष्कळच कमी होतो. बूट घालण्यापूर्वी झटकावेत. दंशाची शंका आली तरी जखम चिरू अथवा बांधू नये. 108 वर फोन करून सरळ रुग्णालय गाठावे. यासाठी मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे संध्याकाळीच पाहून ठेवावे आणि घरच्यांना जागा सांगून जावे.

जाळ अजिबात करू नये. जानेवारीनंतर माळावरचे गवत एका ठिणगीने पेटते, आणि तो वणवा गवताच्या गंज्यांपर्यंत पोहोचला तर शेतकऱ्याचा वर्षभराचा चारा जातो.

फटफटताच आवरावे. दबलेले गवत हाताने उभे करावे, मेखांची भोके बुजवावीत, हलवलेले दगड पुन्हा जागच्या जागी ठेवावेत, कचरा सोबत घ्यावा. आणि परतताना मालकाच्या वस्तीवर थांबून निघाल्याचे सांगावे, म्हणजे तो दुपारी काळजीपोटी आपल्याला शोधत रानात फिरणार नाही.