आषाढी झाली की ढोल काढायचे, वाजवायचे नाहीत

आषाढीपासून गणपतीला साडेसात आठवडे उरतात, त्यातले दोन आठवडे घटक चाचणी आणि पंधरा ऑगस्टच्या कवायतीत जातात. तरीही शाळेचं ढोलपथक ज्याच्या गळ्यात पडलंय त्याने पहिल्या आठवड्यात पोरांना ढोल देऊ नयेत. तेवढ्यात पालकांची संमतीपत्रं गोळा करा आणि शेजारच्या सोसायट्यांना सरावाची वेळ सांगून या. रहिवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे. शाळा-दवाखान्यांभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात ती 50 वर येते. म्हणजे अख्ख्या पथकाचा सराव शाळेच्या पटांगणात नकोच, मोकळं मैदान परवानगी काढून ठरवा. गोदाकाठी जागा मिळाली तर पावसाचा अंदाज घेत राहा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या (ज्याच्यावरून गोदेचा पूर मोजतात ती मूर्ती) कमरेला पाणी लागलं की त्या दिवशी सुट्टी.

हात आधी बाकावर बसवायचा, मग जुन्या टायरवर. टायर टिपरू (ढोल वाजवायची काठी) उलटं फेकतो, त्यामुळे मनगट सैल सोडल्याशिवाय जमत नाही. तोंडाने बोल म्हणता येत नाहीत त्याला ढोल द्यायचा नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो. ताशेवाले मात्र पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत. तर्री, म्हणजे ताशावरचा सलग भरभर वाजणारा थरार, बसायला सगळ्यात वेळ लागतो.

एकशेवीस पोरं उभी केली की मागची रांग मागे पडते, आणि आपण त्यांच्यावर ओरडतो. चूक त्यांची नसते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. टोल (ठेका धरून देणारी धातूची थाळी) पुढे आणि शेवटची रांग 30 मीटरवर असेल तर ठोका तिथे पोचायला सेकंदाचा जवळजवळ अकरावा भाग लागतो, आणि पोरगं ऐकून वाजवतं म्हणून आणखी उशीर होतो. म्हणून टोल मधोमध घ्या, टोलच्या दांडीला भगवी पट्टी बांधा आणि मागच्यांना कानाने नाही, डोळ्याने वाजवायला शिकवा. हे कळायला मला दोन गणेशोत्सव लागले.

बाकी किरकोळ. ढोलांवर रंगाने नंबर टाका, नाहीतर हलका ढोल पकडायला रोज शर्यत लागते. टिपरी दोन डझन जास्तीची, बोटांना चिकटपट्टी, ताशेवाल्यांना इअरप्लग (कापसाच्या बोळ्याने काही होत नाही), कमरेच्या पट्ट्याखाली जुना टॉवेल. दमट हवेत चामड्याचं पान ढिलं पडतं. ढोल फरशीवर न ठेवता बाकांवर ठेवा आणि सरावाआधी अर्धा तास दोऱ्या ओढायला दोन दणकट पोरं बोलवा. शेवटचे चार सराव चालतच. उभ्याने सुरेख वाजवणारं पथक दहा पावलांत विस्कटतं.

आणि ढोलांच्या खोलीची दुसरी किल्ली शिपाईमामांकडे द्या. गेल्या वर्षी रंगीत तालमीच्या सकाळी ती माझ्या खिशात होती, आणि मी लासलगावला.