जुना रेडिओ सेट ‘ओपन’ करताना या चुका टाळा

जुना हॅम सेट (परवानाधारक हौशी लोकांचा रेडिओ) किंवा परदेशातून आलेला सीबी सेट (सिटिझन बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीचा २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ) हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा कोणता डायोड कापायचा? तो कापला की सेटला घातलेली फ्रिक्वेन्सीची मर्यादा सुटते; यालाच सेट ‘ओपन’ करणं म्हणतात. नाशिकमध्ये हा छंद नव्याने धरणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. माझ्या मते डायोड हे सगळ्यांत शेवटचं काम आहे. सेट बिघडतात ते एक डायोड कापल्यामुळे क्वचितच; त्याआधी काहीच मोजलेलं नसतं म्हणून बिघडतात.

गरज नसताना कापणं

केनवूड टीएस-४४०एस सारखा हॅम सेट मुळातच १०० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो. २७ मेगाहर्ट्झवर काय चाललंय हे ऐकायचं असेल तर त्यात काहीही कापावं लागत नाही. अशा सेटमधला डायोड कापल्याने फक्त ट्रान्समिटची (प्रक्षेपणाची) कुंपणं निघतात. म्हणून ऐकायचं आहे की बोलायचं, हे आधी ठरवा. बोलायचं असेल तर आपल्याकडे परवानगी कुठवर आहे तेही पाहा. भारतात सीबीचा परवानामुक्त पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, तोही ५ वॅटच्या मर्यादेत. अमेरिकन ४० चॅनेलचा सेट २६.९६५ पासून २७.४०५ पर्यंत जातो. म्हणजे २७वं चॅनेल (२७.२७५) आपल्या हद्दीतलं शेवटचं, आणि २८व्यापासून पुढे सेट मूळ अवस्थेतच हद्दीबाहेर आहे. त्याला आणखी चॅनेल जोडण्यात काहीच अर्थ नाही.

व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) हीच चूक जास्त घातक ठरते. आपला हॅमसाठीचा २ मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे, अमेरिकेचा १४८ पर्यंत. हँडसेट ओपन केला की वरच्या पट्ट्यात बटण दाबलं जातं, आणि तिथे दुसऱ्या कुणाचं तरी काम चालू असतं. ओझरचा विमानतळ, देवळालीची छावणी आणि पुढ्यात आलेला २०२७ चा सिंहस्थ असताना नाशिकमध्ये हे धाडस कुणीही करू नये. घाटावरच्या गर्दीत वायरलेसवरचा एक संदेश दबला, तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

हॅम परवाना असेल तर मात्र दोन कामं मनापासून करण्यासारखी आहेत. एक, सीबी सेट १० मीटरच्या हॅम बँडवर, म्हणजे २८ ते २९.७ मेगाहर्ट्झमध्ये नेणं. दुसरं, १९७९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हॅमना मिळालेले १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे बँड ज्या जुन्या सेटमध्ये ट्रान्समिटला बंद ठेवले होते, ते सुरू करणं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पीएलएल चिप न पाहता पिना तोडणं

सीबी सेट उघडून आधी पीएलएल चिपचा (चॅनेलची फ्रिक्वेन्सी ठरवून ती स्थिर ठेवणाऱ्या चिपचा) नंबर वाचा. पीएलएल०२ए असेल तर काम सोपं: १०.२४० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १०२४ ने भागून १० किलोहर्ट्झची पायरी मिळते आणि चॅनेलचा कोड बायनरी पिनांवर उघडा असतो, म्हणजे पिनांची जोडणी बदलून तो बदलता येतो. एलसी७१३२ सारख्या चिपमध्ये ४० चॅनेल आतच पक्की कोरलेली असतात. तिच्या पिना कितीही इकडेतिकडे जोडा, ४१वं चॅनेल मिळत नाही. मिळतो तो बोर्डावरचा उखडलेला ट्रॅक.

व्हीसीओ तसाच सोडणं

माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त फसलेली कामं इथली. कोड बदलला, आकडा दिसला, पण ट्रान्समिट होत नाही. किंवा दुपारी चालतं आणि पहाटे बंद पडतं. कारण असं, की व्हीसीओची (व्होल्टेजप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरची) कॉइल २७ मेगाहर्ट्झच्या कामासाठी जुळवलेली असते. एक-सव्वा मेगाहर्ट्झ वर जाताना पीएलएलकडून त्याला मिळणारं कंट्रोल व्होल्टेज टोकाला टेकतं, थंडीत कॉइल किंचित सरकते आणि लॉक (फ्रिक्वेन्सीवरची पकड) सुटतो. नाशिक शहरात ठीक चाललेला सेट जानेवारीत निफाडच्या पहाटे मुका होतो तो यामुळे. उपाय: सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या चॅनेलवर कंट्रोल व्होल्टेज मोजा, लिहून ठेवा, आणि दोन्ही आकडे मधोमध येईपर्यंत कॉइलमधला कोअर (आतला फिरता गाभा) हलक्या हाताने फिरवा. त्यासाठी प्लास्टिकचाच स्क्रूड्रायव्हर वापरा. लोखंडी टोकाने कोअर तडकतो, आणि जवळ धातू असल्याने रीडिंगही खोटं येतं.

लॉक आहे, पण पॉवर अर्धा वॅट आणि रिसीव्हर बहिरा? मग ड्रायव्हरच्या आणि रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्यातल्या कॉइल अजून २७ वरच आहेत. त्या एकेक करून जुळवाव्या लागतात. हे जुळवताना अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा. नुसत्या मोकळ्या सॉकेटवर बटण दाबलं की फायनल ट्रान्झिस्टर (अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर) जातो. जुन्या कित्येक सीबी सेटमध्ये २एससी१९६९ असतो, आणि त्याच नंबरचे नकली तुकडे बाजारात भरपूर आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेताना स्वस्तातला हमखास टाळा.

क्लॅरिफायर (फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणारी खुंटी) मोकळा करताना त्याला सरळ १३.८ व्होल्ट देणारेही दिसतात. सप्लाय जरा हलला की आवाज बदकासारखा होतो. सेटमधली रेग्युलेटेड लाइनच वापरा.

जुना आजार नव्या कामाच्या माथी मारणं

डायोड कापून झाकण लावलं आणि टीएस-४४० च्या डिस्प्लेवर नुसते ठिपके आले, तर लगेच डायोड परत जोडायला धावू नका. या सेटच्या व्हीसीओवर लावलेला गोंद वर्षांनुवर्षांत तपकिरी होऊन वीज वाहू लागतो आणि लॉक सुटतो. झाकण उघडताना बसलेला धक्का फक्त निमित्त असतो. गोंद जपून खरवडून काढावा लागतो, खाल्लेले पार्ट बदलावे लागतात.

आयकॉम आयसी-७५१, ७४५ आणि आर७१ मध्ये धोका वेगळा. त्यांचा चालण्याचा प्रोग्रामच एका लहान लिथियम सेलवर टिकलेल्या रॅममध्ये असतो. साफसफाई करताना तो सेल काढला, की सेट सगळं विसरतो. नवा सेल बसेपर्यंत समांतर व्होल्टेज देऊन ठेवा, किंवा कायमस्वरूपी मेमरीचं बदली कार्ड मिळतं ते बसवा.

अँटेना विसरणं

२७.२ मेगाहर्ट्झसाठी कापलेली पाव तरंगाची काठी २८.४ ला साधारण ११ सेंटिमीटर लांब पडते. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलेली आहे ते सांगणारा आकडा) वाढला की लोक पुन्हा सेट उघडून कॉइल फिरवू लागतात आणि जुळलेलं बिघडवतात. आधी डमी लोडवर पॉवर पाहा. तिथे बरोबर असेल तर सेटला हात लावू नका. गच्चीवर जा आणि काठी एकेक सेंटिमीटर कापत, प्रत्येक वेळी मीटर पाहत उतरवा.