फार्मसी टेकचं सर्टिफिकेट रिन्यू करताना मी घातलेला घोळ

अमेरिकेत पीटीसीबीची, म्हणजे फार्मसी टेक्निशियनना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची, परीक्षा पास झाले त्या दिवशी वाटलं, सुटले बाबा एकदाची. नावापुढे सीपीएचटी (सर्टिफाइड फार्मसी टेक्निशियन) लागलं, बॅज बदलला, सर्टिफिकेटचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवून झाला, आणि त्याच सर्टिफिकेटवर छापलेली एक्स्पायरी डेट मात्र मी पुढे कितीतरी महिने वाचलीच नाही. दिवसभर बाटल्यांवरच्या एक्स्पायरी तपासणारी बाई मी, स्वतःच्या कागदावरची बघायची राहून गेली. तर ज्यांचं सर्टिफिकेट नुकतंच झालंय आणि ज्यांना "कंटिन्युइंग एज्युकेशन म्हणजे काय ते नंतर बघू" असं वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मी पण नंतरच बघितलं होतं.

आधी नियम सांगते, ते फार नाहीयेत. सीपीएचटी दर २ वर्षांनी रिन्यू करायचं, त्यासाठी त्या २ वर्षांत २० तासांचं सीई, म्हणजे तेच कंटिन्युइंग एज्युकेशन, लागतं, त्यातला किमान १ तास फार्मसी लॉचा आणि किमान १ तास पेशंट सेफ्टीचा. सगळं टेक्निशियनच्या कामाशी संबंधित असायला हवं. जास्तीचे तास पुढच्या सायकलला ढकलता येत नाहीत, म्हणजे उत्साहाच्या भरात २८ केले तर वरचे ८ तुमच्या ज्ञानात जमा, खात्यात नाही. एकाच सायकलमध्ये तोच कोर्स दोनदा केला तर एकदाच धरतात. एनएचए या दुसऱ्या संस्थेची एक्ससीपीटी ही टेक्निशियनची परीक्षा ज्यांनी दिलीये त्यांचा पण हिशेब साधारण असाच आहे, २ वर्षं आणि २० तास, लॉ आणि सेफ्टी धरून. आणि हो, राज्याच्या बोर्डाचं लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन ही पूर्ण वेगळी गोष्ट, त्याची तारीख वेगळी, अटी वेगळ्या, काही ठिकाणी लाइव्ह तास पण मागतात. दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरवर टाका पण एकच समजू नका. भारतातून बी.फार्म., डी.फार्म. करून आलेल्यांच्या डोक्यात तिकडचं ५ वर्षांत २ रिफ्रेशर कोर्सचं गणित असतं, ते फार्मासिस्टच्या रजिस्ट्रेशनचं आहे, इथे त्याचा काही संबंध नाही.

सुरुवातीला मला घाबरवलं ते सीईयू या तास मोजायच्या एककाने. एक तास बसून कोर्स केला, परीक्षा दिली, आणि सर्टिफिकेटवर काय तर ०.१! मला वाटलं एवढ्या मेहनतीचे सहा मिनिटं दिले की काय. तसं नाहीये, ०.१ सीईयू म्हणजे १ तास, २० तास म्हणजे २.० सीईयू. हे कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आता खरा मुद्दा, कोर्सचा नंबर. एसीपीई म्हणजे कोर्स देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारी संस्था, त्यांच्या प्रत्येक कोर्सला एक लांबलचक नंबर असतो, मधे आडव्या रेघा, दिसायला एखाद्या कुरिअरच्या ट्रॅकिंग नंबरसारखा, त्यामुळे कोणी वाचतच नाही. पण सगळी माहिती तिथेच आहे. सुरुवातीला संस्थेचा आकडा, पुढे वर्ष आणि अनुक्रमांक, आणि मग शेवटचे दोन तुकडे, आपल्या कामाचे तेच. समजा शेवट "एच०५-टी" असा आहे. एच म्हणजे घरी बसून आपल्या सोयीने करायचा कोर्स, एल असेल तर लाइव्ह. ०५ हा विषय, म्हणजे पेशंट सेफ्टी. लॉ असेल तर ०३, औषधोपचार ०१, लसीकरण ०६, कंपाउंडिंग (औषध फार्मसीतच तयार करणं) ०७. आणि सगळ्यात शेवटी टी म्हणजे टेक्निशियनसाठी, पी म्हणजे फार्मासिस्टसाठी. पुष्कळदा एकच लेक्चर दोघांना असतं आणि त्याला दोन नंबर असतात, एक पी चा एक टी चा, तेव्हा क्लिक करताना आपला कुठला ते बघून क्लिक करायचं. कोर्सच्या नावात "सेफ्टी" आहे म्हणून तो सेफ्टीचा तास असतोच असं नाही बरं का, नावात काही का असेना, आकडा ०५ हवा.

हे सगळं मला आत्ता पाठ आहे कारण पहिल्या रिन्यूअलला माझी चांगलीच तंतरली होती. झालं असं की मी एक वही केली होती, त्यात कोर्सचं नाव, तारीख, तास, आणि बेरीज बरोब्बर २०. रिन्यूअलला ५ आठवडे होते, मी एकदम निवांत. आमची लीड टेक म्हणाली, वही ठेव बाजूला, सीपीई मॉनिटर उघड. सीपीई मॉनिटर म्हणजे एनएबीपी (राज्यांच्या फार्मसी बोर्डांची संघटना) आणि एसीपीई यांनी मिळून केलेली ऑनलाइन नोंदवही, कोर्स देणारी संस्था तुमचे तास तिथे पाठवते, आपल्याला फक्त आपला ई-प्रोफाइल आयडी आणि जन्मतारखेचा महिना-दिवस कोर्सच्या साइटवर द्यायचा असतो. मी उघडलं. ११ तास. मी रिफ्रेश केलं, तरी ११.

माझा वाढदिवस ७ नोव्हेंबर. ज्या साइटवर मी सगळ्यात जास्त कोर्स केले होते तिथे प्रोफाइल बनवताना मी लिहिलं होतं ०७११. लहानपणापासून आधी दिवस मग महिना लिहायची सवय, हात आपोआप तसाच चालला. तिथे हवं होतं ११०७. आणि गंमत म्हणजे ०७११ ही पण खरी तारीख होते, ११ जुलै, त्यामुळे फॉर्मने चूं केलं नाही. माझी जन्मतारीख २३ नोव्हेंबर असती तर २३ वा महिना बघून फॉर्म तिथेच अडकला असता आणि मी वाचले असते! आयडी माझा, तारीख दुसरीच, मग सीपीई मॉनिटरने ते ९ तास घेतलेच नाहीत. साइटवरून एक-दोन ईमेल आले होते म्हणे, ते जाहिरातींच्या ढिगात गेले.

फोन केला, बाई चांगली होती, पण संस्थेला तास कळवायला कोर्स झाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीतले ४ तास तिने तारीख दुरुस्त करून लगेच पाठवले, उरलेले ५ जुने होते, ते गेले. त्यात लीड टेकने नंबर वाचायला सुरुवात केली तर डायबेटिसचा २ तासांचा एक कोर्स निघाला पी वाला. म्हणजे हातात १३, आणि लॉ चा जो एक तास होता तो नेमका त्या गेलेल्या ५ मधला. पाच आठवड्यांत ७ तास म्हणजे तसं काही फार नाही, पण त्या महिन्यात दोघीजणी सुट्टीवर होत्या आणि माझ्या रोज क्लोजिंग शिफ्ट होत्या, रात्री घरी येऊन स्लाइड्स बघताना डोळे मिटायचे, पुढची परीक्षा चुकायची, परत पहिल्यापासून. बऱ्याच कोर्सना ७० टक्के लागतात, परत देता येते, पण त्या थकव्यात तेही नको वाटायचं. झालं रिन्यू, शेवटच्या आठवड्यात. तेव्हापासून कोर्स झाला की आठवड्याभरात सीपीई मॉनिटर उघडून तास आलाय का बघते आणि मगच वहीत लिहिते, उलटं नाही.

अजून एक बारीक गोष्ट, पोस्ट टेस्ट पास झाली म्हणजे संपलं असं नाही, शेवटी एक इव्हॅल्युएशन फॉर्म असतो, "वक्त्याने विषय नीट समजावला का" वगैरे, तो भरून सबमिट केल्याशिवाय तास मिळत नाही. लाइव्ह वेबिनार असेल तर मधे किंवा शेवटी अटेंडन्स कोड सांगतात, तो ऐकायच्या वेळी नेमके आपण चहा ठेवायला उठलेलो असतो.

कोर्स कुठले घ्यायचे? फुकट भरपूर असतात, पैशांसाठी अडायची गरज नाही. पहिल्या सायकलला मी सरळ छोटे आणि सोपे बघून घेतले, खरं सांगायचं तर अर्धे आता आठवत पण नाहीत. दुसऱ्या सायकलला ठरवलं की काउंटरवर ज्या गोष्टीला आपण अडखळतो तोच कोर्स घ्यायचा. माझं अडायचं ते इन्सुलिनच्या डेज सप्लायला, म्हणजे दिलेलं औषध किती दिवस पुरेल तो आकडा टाकायला. एका पेनमध्ये ३ मिली, १०० युनिट प्रति मिली, म्हणजे ३०० युनिट, बॉक्समध्ये ५ पेन. पेशंट रोज ८ युनिट घेतो. मी काय करायचे, १५०० भागिले ८, आले १८७ दिवस, टाक. कोर्समध्ये कळलं की प्रत्येक इंजेक्शनआधी २ युनिट प्राइम करून, म्हणजे सुईतली हवा काढायला, वाया घालवायचे असतात, म्हणजे रोजचे १०, मग पेन ३० दिवस जायला हवं. पण ग्लार्जिन या इन्सुलिनचं पेन उघडल्यावर २८ दिवसांनी टाकून द्यायचं असतं, आत औषध उरलं असलं तरी. म्हणजे पेनला २८ दिवस, बॉक्सला १४०. आता १८७ टाकले की काय होतं, पेशंट बिचारा सांगितल्याप्रमाणे पेन फेकतो, १४० दिवसांनी रिफिलला येतो, आणि इन्शुरन्स म्हणतं "रिफिल टू सून". तो काउंटरवर चिडतो, आपण इन्शुरन्सला शिव्या घालतो, आणि चूक आपणच कधीतरी टाइप केलेली असते. किती वेळा मी अशा लोकांना "तुमचा प्लॅनच तसा आहे" सांगून परत पाठवलं असेल देव जाणे.

लॉ च्या तासाला सगळे नाकं मुरडतात, मी पण. पण स्युडोएफेड्रिन या सर्दीच्या औषधाच्या रजिस्टरमध्ये मी रोज लोकांच्या सह्या घेत होते आणि कशासाठी ते धड माहीत नव्हतं. मेथअॅम्फेटामिन हे नशेचं ड्रग बनवायला ते वापरतात म्हणून २००५ चा फेडरल कायदा आहे, काउंटरच्या मागे ठेवायचं, आयडी बघायचं, एका माणसाला दिवसाला ३.६ ग्रॅम आणि ३० दिवसांत ९ ग्रॅम ही मर्यादा, आणि राज्याचा नियम त्याहून कडक असला तर तो पाळायचा. आता कोणी "मला सर्दीच झालीये, चोर समजता का" म्हणून आवाज चढवला तर मला शांतपणे दोन वाक्यांत सांगता येतं. नियंत्रित औषधांमध्ये शेड्यूल २ ला रिफिल नाही, ३ आणि ४ ला ६ महिन्यांत जास्तीत जास्त ५, हे तर परीक्षेला पाठ केलेलंच असतं, पण दोन वर्षांत माणूस गडबडतो.

सेफ्टीमध्ये सारख्या दिसणाऱ्या नावांचा कोर्स जरूर घ्या. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन, एक खाज आणि अस्वस्थतेसाठी, दुसरं ब्लड प्रेशरचं, शेल्फवर अगदी शेजारी. लेबलवर मधली काही अक्षरं मोठी का छापतात ते मला तीन वर्षं काम करून कळलं नव्हतं, मला वाटायचं प्रिंटरची फॅशन. कंपाउंडिंग करत असाल तर यूएसपी या औषधांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ७९५ आणि ७९७ या प्रकरणांचे सुधारलेले नियम १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेत, त्याआधी बनलेला कोर्स समोर आला तर सोडून द्या, तास मिळेल कदाचित पण डोक्यात जुनं भरून बसाल.

वेळापत्रकाचं विचाराल तर २४ महिने आणि २० तास, म्हणजे महिन्याला एक केला तरी ४ महिने हातात उरतात. मी महिन्याच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी करते, सणासुदीच्या आणि फ्लूच्या लशींच्या महिन्यात सोडून देते कारण तेव्हा होत नाही हे मला माहितीये. लॉ आणि सेफ्टी पहिल्या सहा महिन्यांत उरकते. सर्टिफिकेटच्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात तारीख आणि नंबरचा शेवटचा तुकडा, म्हणजे ऑडिटला नाव निघालं तर शोधाशोध नको. ऑडिटला कोणाचंही नाव निघू शकतं, काही चुकलंय म्हणूनच काढतात असं नाही.

माझी एक मैत्रीण दोन महिन्यांपूर्वीच सर्टिफाय झाली, ती पण आपल्याकडचीच. परवा तिचं प्रोफाइल मी माझ्यासमोर भरून घेतलं. महिना-दिवस आला तसा तिचा हात पण आधी दिवसाकडेच गेला.