सांबारवडीचं उरलेलं तेल, बेकरीची खारी आणि कुमेरो

थंडी पडली की आमच्या नागपूरच्या महाल भागात घरोघरी सांबारवडीचे (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) घाणे निघतात आणि शेजारणी मला विचारतात, "ताई, उरलेल्या तेलाचं काय करू?" मी फराळाच्या ऑर्डरी घेते, म्हणून. तेला-तुपाच्या बाबतीत मी फ्रेड कुमेरो या अमेरिकन संशोधकाचं ऐकते, पण अर्धंच.

हृदयविकाराने गेलेल्यांच्या रक्तवाहिन्यांत ट्रान्स फॅट, म्हणजे कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी, सापडतं, हे त्यांनी १९५७ साली छापलं. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. शेवटी २०१३ साली, वयाच्या ९८व्या वर्षी, गड्याने तिथल्या अन्न-औषध प्रशासनावर खटला भरला!

आपल्याकडे २०२२ पासून तेला-तुपातल्या कारखानी ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी खारी-टोस्ट घेताना पाकीट उलटं करून घटक वाचा: हायड्रोजिनेटेड (म्हणजे असंच घट्ट केलेलं तेल), वनस्पती तूप, शॉर्टनिंग असं काही दिसलं तर ठेवून द्या. सुट्या खारीला पाकीटच नसतं, तिथे बेकरीवाल्याला सरळ विचारायचं, "दादा, यात काय घालता जी?"

तळणाला छोटी, खोल कढई घ्या, म्हणजे तेल कमी लागतं. वडीची कड नीट चिकटवा. ती उघडली की सांबार आणि खसखस तेलात सुटून जळते आणि पुढचा प्रत्येक घाणा काळपट निघतो. पडलेला चुरा बारीक झाऱ्याने लगेच काढा. धूर निघेपर्यंत तेल तापवू नका. गार झाल्यावर पातळ कापडातून गाळून झाकून ठेवा आणि दोन-चार दिवसांत फोडणीत संपवा. जुन्या तेलात नवं ओतायचं नाही. फेस चढला, बोटाला चिकट लागलं, वास खवट आला, की टाकून द्या. काही हॉटेलवाले तेल किती बिघडलं ते यंत्राने मोजतात, आपल्याला नाकच पुरतं.

जवसाच्या तेलात तळू नका. सावजी रस्सा पूर्वी त्यातच व्हायचा, कबूल. पण ते तेल आचेवर फार लवकर बिघडतं. त्यापेक्षा जवसाची चटणी करा.

आता कुमेरोंचं जे अर्धं मी ऐकत नाही, ते. कुमेरो अंडी-लोणी खायचे आणि १०२ वर्षं जगले. हे सांगून आमचे भाऊजी पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी करतात. एक माणूस जगला म्हणून काय झालं? जागतिक आरोग्य संघटना अजूनही म्हणते की संपृक्त चरबीतून, म्हणजे तूप-लोण्यात असते तशा गोठणाऱ्या चरबीतून, दिवसाच्या १० टक्क्यांहून जास्त ऊर्जा नको, म्हणजे २००० कॅलरीला साधारण २२ ग्रॅम. तुपाच्या एका मोठ्या चमच्यातच ८-९ ग्रॅम जाते, दूध-दही वेगळं. माझ्याकडे पोळीवर तूप मीच वाढते, चहाच्या चमच्याने. भाऊजी कुरकुरतात.